जास्त आवळलेला बोल्ट

आमच्या गॅरेजात एक रीत होती. बोल्ट कोणीही लावो, शेवटचा पीळ दादाच्या हातचा. माझ्या या थोरल्या भावाने आवळलेलं कधी सैल पडत नाही, असा त्याचा लौकिक. किती आवळायचं ते दाखवणारा मापाचा पाना मी हौसेने आणला होता, तो खोक्यातच पडून होता.

त्या दिवशी म्हातारे ट्रकवाले काका आले. जुना पेट्रोलचा ट्रक, चढावर दम टाकायचा. संध्याकाळी तो विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं, तेवढ्यापुरता नीट करून दे म्हणाले. पण विकायचं कारण ट्रक नव्हता.

"दोन वर्षं झाली, पाय कामातून गेलाय, पोरी. चढावर पेडल हवं तसं दाबलं जात नाही. उगाच कोणाच्या जिवावर बेतायला नको."

चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की रागच येतो. बाह्या सारून मी कामाला लागले.

स्कॅनर नॉक सेन्सरकडे बोट दाखवत होता. हा इंजिनाचा कान. आत ठोका वाजला की तो कळवतो, मग कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकून जोर कमी करतो. या ट्रकात तो नेमका हवेच्या नळ्यांखाली, सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोबणीत दडून बसलेला. तिथवर पोचेपर्यंत माझी दुपार गेली. वायर तपासली, ठणठणीत. सेन्सर नवाच, दोन वर्षांपूर्वी आम्हीच बसवलेला. मग बोल्टला पाना लावला तर तो हलेचना. अक्षरशः लोंबकळले तेव्हा सुटला.

एवढा आवळल्यावर सेन्सरला साधी घरघरही ठोका वाटणार. दोन वर्षं तो खोटीच ओरड करत होता, कॉम्प्युटर इंजिनाला आवरत होता आणि काका शिव्या घालत होते स्वतःच्या पायाला. मी खोक्यातला पाना काढला, मापात आवळलं, सगळं परत चढवलं. दादा शेजारी उभा राहून बघत होता. त्याला काही सांगावं लागलं नाही.

काका चक्कर मारून आले. गॅरेजमागचा चढ ट्रकने एका दमात काढला होता. आज पायाने साथ दिली, असं ते खुशीत सांगत होते. गाडी अशी चांगली चालतेय तोवर देऊन टाकतो म्हणाले, आणि वर आमच्या कामाचं कौतुक करू लागले.

दादा हातातलं फडकं पिळत होता. याने तोंड उघडलं नसतं तर मी उघडणार होते.

"काका, पाय तुमचा चांगलाच होता," शेवटी तो म्हणाला. "बोल्ट मी जास्त आवळला. चूक माझी."

काका ट्रकला टेकले. आता दादाची सालटी निघणार, असं मला वाटलं.

"दोन वर्षं रोज सकाळी पायाला तेल चोळतोय रे मी," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले.

गिऱ्हाईक आलं तेव्हा काका स्टिअरिंगवर बसले होते. गाडी विकायची नाही, हे त्यांनी वरूनच सांगितलं. खाली काही उतरले नाहीत.