फुंकरीने वाळलेला मका

गोदामाच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध नुकत्याच मळलेल्या मक्याचा ढीग होता आणि ढिगापुढे खुर्ची टाकून फुंकेबाबा बसले होते. त्यांनी काचेच्या बाटलीत मूठभर मका घातला, गोदामाच्या शेजारणीच्या स्वयंपाकघरातलं चमचाभर मीठ टाकलं आणि बाटली खळखळ हलवली. मीठ काचेला चिकटून बसलं.

ही परीक्षा इथे पोरासोरांनाही पाठ होती. मीठ चिकटलं तर मका ओला, सुटं राहिलं तर कोठीत भरायला मोकळा. बाटलीच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

"ओल म्हणजे पाण्याचा अहंकार," बाबा म्हणाले. "तो मी श्वासाने ओढतो आणि थेट पाताळात सोडतो."

मग त्यांनी ढिगावर अकरा फुंकरी मारल्या. त्याच ढिगातला मका दुसऱ्या बाटलीत घातला, कमरेच्या पिशवीतून चिमूटभर 'सिद्ध मीठ' काढून त्यात टाकलं. बाटली हलवली, तर काच लख्ख. लोकांनी हात जोडले. दहा पोत्यांमागे एक पोतं बाबांचं. पाताळापर्यंतचं भाडं असावं.

गर्दीच्या मागे थोरल्या वहिनी फावडं घेऊन उभ्या होत्या. पहाटेपासून हा घरचा ढीग उलथून त्यांच्या हाताला फोड आले होते.

"वहिनी, ठेवा आता ते फावडं," धाकटे दीर म्हणाले. "आजच कोठी भरून टाकू."

वहिनींनी फुंकर मारलेला एक दाणा दाताखाली धरला. वाळलेला दाणा कटकन फुटतो. हा मऊ दबला. सहा गाई आणि दीडशे कोंबड्यांचं वर्षाचं खाणं त्या कोठीत जायचं होतं. ओला मका बंद केला की आतून तापतो, बुरशी धरतो आणि जनावरांच्या जिवावर उठतो.

"भावजी, बाबांच्या वाट्याची पोती गोदामामागे ताडपत्रीवर उन्हात पसरलीत. त्यांना का नाही फुंकर मारत?"

"तो बाबांचा मका. त्याला सूर्याची सेवा घडते."

वहिनी गर्दीतून वाट काढत थेट खुर्चीपुढे गेल्या.

"बाबा, थोडं सिद्ध मीठ द्या. आमच्या ट्रॉलीतल्या मक्यात टाकून बघते. त्याला अजून फुंकर लागलेली नाही."

"त्याचा उपयोग नाही, बाई. आधी फुंकर, मग मीठ."

"मग फुंकरीवाचून ते काचेला चिकटेलच ना? तेवढंच बघायचंय."

लोकांनाही ते पटलं. बाबांचा हात पिशवीवर घट्ट झाला, पण शेजारणीने ती हळूच सोडवून घेतली. ट्रॉलीतला ओलाकच्च मका, त्यावर सिद्ध मीठ, आणि बाटली खळखळ. काच लख्ख. मग फुंकर मारलेल्या मक्यात स्वयंपाकघरातलं मीठ टाकलं. ते काचेला गच्च चिकटलं.

वहिनींनी पिशवीतली चिमूट जिभेवर ठेवली.

"जीभ झडेल," बाबा पुटपुटले.

"जीभ आहे जागेवर. दाताखाली मात्र कचकच लागतेय." त्यांनी उरलेली पूड पेलाभर पाण्यात टाकून ढवळली. विरघळली नाही, पांढरी वाळू होऊन तळाशी बसली. "पांढऱ्या दगडाचा चुरा आहे. मीठ ओल धरतं म्हणून चिकटतं. दगडाला ओलीचं काय? बाबांनी मका नाही बदलला, मीठ बदललं."

बाबांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. ते उठले, पण वाट्याची पोती परत केल्याशिवाय कुणी वाट देईना.

धाकट्या दिरांनी वहिनींना बाजूला घेतलं. "वहिनी, काल तुम्ही बाजारात गेला होता तेव्हा मी अर्धी कोठी भरली. बाबांच्या याच बाटलीवर विसंबून."

दोघं धावतच घरी गेली. दिरांनी कोठीचं झाकण काढून मक्यात कोपरापर्यंत हात खुपसला आणि झटकन मागे घेतला. हात ओलसर होता, आणि आतून कोंदट वास वर येत होता.

"तापलाय," ते म्हणाले. "वाचेल का?"

"आत्ता काढला, पातळ पसरला आणि दर तासाला उलथला तर वाचेल. ऊन आहे, वारा आहे, आपले चार हात आहेत. आणि भावजी, यापुढे कुणी काही सिद्ध करून दाखवलं की त्याच्या हातचं सामान बाजूला ठेवायचं आणि आपलं घेऊन पुन्हा करून बघायचं. खरं असेल तर दुसऱ्यांदाही होईल."

दिरांनी बाह्या वर केल्या आणि पहिलं घमेलं भरलं.