पाव पाणमांजर

बारकीने पडद्यावरच्या आलेखातली रेघ मोठी केली, आणखी मोठी केली, आणि तिच्या तळाशी बोट ठेवलं.

रेघ तलावातल्या पाणमांजरांची होती. भिंतीच्या दुरुस्तीसाठी पाणी उतरवलं की मासे घटणार, माशांमागोमाग पाणमांजरं घटणार, आणि पाणी पुन्हा भरलं की दोन्ही वाढणार, असं तिचं समीकरण सांगत होतं. खाली गेलेली रेघ शेवटी कशी झोकात वर येत होती! तिच्याच भरवशावर समिती आज तलाव रिकामा करायची परवानगी देणार होती. पण रेघ जिथे सगळ्यात खाली टेकली होती, तिथला आकडा बारकीने आजवर पाहिलाच नव्हता. शून्य पूर्णांक पंचवीस. अख्ख्या तलावात पाव पाणमांजर उरलं होतं, आणि त्या पावापासून पुढे सगळा तलाव पुन्हा भरला होता.

"अगं बाई," ती पुटपुटली. पाणमांजर म्हणजे काय दूध आहे, भांड्याच्या तळाशी पावशेर उरायला?

शेजारच्या खोलीत समितीच्या खुर्च्या सरकत होत्या. शाळेतली जीवशास्त्राची नोकरी सोडून ती हे गणिती मॉडेल बनवायचं काम शिकायला लागली, तेव्हा "या वयात गणित?" म्हणून घरादाराने नाकं मुरडली होती. दादा तेवढा पाठीशी उभा राहिला. हे काम शिकवणाऱ्या सरांकडे तिच्यासाठी शब्द त्यानेच टाकला होता. आणि भिंतीच्या दुरुस्तीचा इंजिनिअरही दादाच. पूर्ण रिकामा न करता तलाव अर्धा अर्धा उतरवत काम करायचं तर ते कितीतरी वर्षं रखडणार, या काळजीने त्याची झोप उडाली होती.

तिने सरांना दारातच गाठलं.

"सर, खालचा आकडा एकाहून कमी आलाय. पाव."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग? समीकरणाला डोकी मोजता येत नाहीत. सगळ्यांच्या मॉडेलमध्ये होतं असं."

"पण तिथून पुढची रेघ खोटी ठरते ना, सर?"

"सगळे येऊन बसलेत, आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"आत्ताच दिसलं."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. चूक त्यांच्याही नजरेतून सुटली होती आणि ते दोघांनाही कळत होतं.

"तूच सांग," ते अखेर म्हणाले. "मी तोंड उघडलं तर सारवासारव करीन."

आत दादाचं बोलणं संपत आलं होतं. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. "ये बारके, दाखव यांना तुझी रेघ."

"माझी रेघ चुकलीय," बारकी म्हणाली, आणि धीर जायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं.

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षबाईंनी हात वर केला. "पाव येतंय ना? मग एक धरा."

"एकटं उरलं तर जोडी कुणाशी जमवणार, बाई?"

"बरं, दोन धरा. दोनाला तर कुणाची हरकत नाही?"

दोन-चार माना लगेच हलल्या. बाजारात भाजीचा भाव ठरावा तसं चाललं होतं. बारकीला रडू यावं इतका संताप आला.

"आपण धरून काय होतंय? तळ्यात असायला हवीत ना ती!"

दादा तिच्या कानाशी वाकला. "हे घरी बोलता आलं नसतं का गं?"

"घरी मलाच माहीत नव्हतं रे."

"मी वरच्यांना शब्द देऊन बसलोय. माझं काय होईल, कळतंय तुला?"

"कळतंय, दादा," ती म्हणाली. भीती वाटत होती, आणि त्याच्यासाठी वाईट तर त्याहून जास्त वाटत होतं.

तिने समीकरणाखाली एक ओळ वाढवली: दोनाहून कमी उरली, की शून्य. मग मॉडेल पुन्हा चालू केलं. पडद्यावर वर्षं सरकू लागली. पाणी उतरलं, मासे घटले, पाणमांजरांची रेघ खाली खाली जात तळाला टेकली. मग पाणी भरलं. माशांची रेघ भराभर वर चढली.

"चालू आहे ना अजून?" दादाने विचारलं.

"चालू आहे."

"मासे तर केव्हाचे भरलेत."

"हो."

"मग आता येईल वर." तो खुर्चीच्या कडेला सरकून बसला होता.

माशांची रेघ वरच डुलत होती. खालची रेघ सरळ पुढे चालली होती, आणि तिच्याखाली नुसती वर्षं बदलत होती. सरांनी बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," दादा म्हणाला. "अजून थोडं बघू."