रोल धुणे

मी कमी बोलते, असं आमच्या घरात कुणीही म्हणणार नाही. पण लिहिते मात्र कमी. सकाळची पाळी असली की साडेसहाला रिक्षा पकडून एमआयडीसी गाठायची असते. तेव्हा सुनेला उठवून कामं सांगत बसायला वेळ कुणाला आहे? म्हणून मी फ्रिजवर चिठ्ठी लावते. ‘गहू निवडणे. पडदे धुणे. मामंजींना गोळी साडेआठ.’ बस्स. कारखान्यात पॅकिंगवर मी सुपरवायझर आहे. तिथेही माझ्या चिठ्ठ्या अशाच असतात आणि अकरा वर्षांत एकाही बाईने चुकीचं खोकं भरलेलं नाही. या चिठ्ठ्यांचा मला भारी अभिमान होता. तो कसा उतरला, ते सांगते.

आधी कॅमेऱ्याचं. कॅमेरा आमच्या ह्यांचा. ते नोकरीला मस्कतला असतात, दोन हजार एक साली पहिल्यांदा गेले तेव्हा आणलेला. काळा, कपड्याच्या साबणाच्या वडीएवढा, आत दोन पेन्सिल सेल. त्यात जुळवण्यासारखं काही नाही. डोळा लावायचा, फ्लॅशचा लाल दिवा पेटेपर्यंत थांबायचं आणि बटण दाबायचं. कितीतरी वर्षं तो कपाटात लोळत होता. लग्न ठरल्यावर आमच्या मुलाने, तुषारने, तो शोधून काढला. हल्ली म्हणे रोलच्या कॅमेऱ्याची फॅशन आहे. आम्ही जे नाइलाजाने वापरलं ते ही पोरं हौसेने वापरतात. त्याने छत्तीस फोटोंचा रोल मागवला, लग्नात पस्तीस फोटो काढले आणि एक शिल्लक ठेवला.

तो एक कामाला आला रखमाआत्यांसाठी. रखमाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची, बुधाजींची, धाकटी बहीण. बदलापूरच्या पुढे, बारवीच्या बाजूला आमचं गाव आहे आणि बहीणभावाची जमीन तिथे बांधाला बांध लागून आहे. बांधावर एक फणस होता. तो कुणाचा, यावरून दोघांत एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं. फणस मात्र दोघांच्याही घरी जायचे, कारण ते रात्रीतून चोरणारे दोघेही होते. नातवाच्या लग्नालासुद्धा आत्या आल्या नाहीत. मग मे महिन्यात एका संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि फणस मुळासकट आडवा झाला. झाडच पडल्यावर भांडण कशाच्या आधाराने उभं राहणार? पुढच्याच रविवारी आत्या पिशवीत वालाच्या बिरड्याचा डबा घेऊन अंबरनाथला आमच्या दारात हजर.

मामंजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. बहिणीला बघून त्यांनी स्वतःची खुर्ची तिला दिली आणि पंखा तिच्याकडे वळवला. दुपारी मला आत बोलावून हळूच म्हणाले, “माधवी, रखमीसंगती माझा एक फोटो पायजे. आमचा दोघांचा एक पन फोटो नाय गो.”

एवढं सोपं नव्हतं ते. आत्यांना मोबाइलचा फोटो चालत नाही. दोन वर्षांपूर्वी एका हळदीत त्या नाचत होत्या आणि कुण्या टवाळाने तो नाच स्टेटसला टाकला. वांगणीपर्यंतच्या लोकांनी तो पाहिला. तेव्हापासून कुणी मोबाइल वर केला की आत्या पाठ करतात. मी म्हटलं, “आत्या, हा रोलचा कॅमेरा आहे. यातला फोटो कुठे जात नाही. एकच कागद निघतो, तोही तुमच्या हातात.”

त्यांनी कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला. “एकच येळ काडायचा,” त्या म्हणाल्या. “पुन्ना इचारायचा नाय.”

मामंजी मधे, एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला मी. तुषारने कॅमेरा डोळ्याला लावला, तोच आत्या चुळबुळल्या. “तिगांचा फोटू काडू नये गो. मदला जातो म्हनतात.”

“काही होत नाही आत्या,” मी म्हटलं. माझी घाई अशी की, त्यांचं मन बदलायच्या आत बटण दाबलं जायला हवं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात श्रद्धा आली. श्रद्धा म्हणजे आमची सून, शहाडची, घरात येऊन जेमतेम महिना झालेली. तिने पदर-बिदर सारखा केला होता. “आई, मी येऊ का?”

“तू चहाकडे बघ,” मी म्हटलं. “उतू जाईल.”

ती गेली. लाल दिवा पेटला, फ्लॅश उडाला, मामंजी दचकले आणि कॅमेऱ्याने घुर्रर्र करत सगळा रोल आत गुंडाळून घेतला. आत्या संध्याकाळी गावी परतल्या. मामंजींनी त्याच दिवशी टीव्हीच्या वर खिळा ठोकून घेतला. त्यानंतर रोज सकाळी त्यांचा एकच प्रश्न असे, “रोल धुवून आला का?”

धुवून आणायचा कुठे, हाच घोळ होता. आमच्या भागातले सगळे स्टुडिओ आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर आलेत. शेवटी तुषारने उल्हासनगरला एक म्हातारे सिंधी शेठ शोधले. ते अजून दुकानातच रोल धुतात. श्रद्धा बुधवारी संध्याकाळी माहेरी जाणारच होती, शहाडहून दुकान जवळ. म्हणून मंगळवारी रात्री मी रोल टेबलावर काढून ठेवला आणि पहाटे घाईघाईत चिठ्ठी लिहिली. ‘पडदे धुणे. रोल धुणे, टेबलावर आहे. डाळ भिजवणे.’

दुपारी साडेतीनला मी घरी आले. रिक्षातून उतरताना सहज वर पाहिलं. आमच्या गॅलरीत पडदे वाळत होते, त्यांच्या शेजारी मामंजींचा लेंगा होता, आणि लेंग्याच्या शेजारी एक लांबलचक तपकिरी पट्टी, वर दोन चिमटे, खाली एक चिमटा, मे महिन्याच्या उन्हात छान चमकत होती.

मी जिने कसे चढले ते मला आठवत नाही.

दारात श्रद्धा उभी, चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद. “आई, झाला धुवून! एकदम चकाचक. पावडर नाही वापरली हां, ओरखडे पडले असते. बेबी शाम्पू घातला.”

“शाम्पू,” मी म्हटलं.

“मला पण आधी समजत नव्हतं, उघडायचा कसा ते. मग व्हिडिओ बघितला. त्यात पण त्यांनी रोल बाहेर काढून पाण्याने धुतला आणि चिमटे लावून वाळत घातला. त्याच्या आधी ते कसलं कसलं केमिकल टाकत होते, ते आपल्याकडे नव्हतं, तर मी ते स्किप केलं.”

पुढची पाच मिनिटं मी जे बोलले ते लिहीत नाही. माझा आवाज पॅकिंग खात्यात मशीनवरून ऐकू जातो, तो त्या दिवशी विठ्ठलवाडीपर्यंत गेला असेल. शिकलीस कशाला, डोकं माहेरी ठेवून आलीस का, असं सगळं. रोलला ऊन दाखवलं की त्यातलं सगळं जातं, हे एवढंसं पोरही सांगेल, असंही म्हणाले. ते खोटं होतं. आजच्या पोरांनी रोल पाहिलाय कुठे?

श्रद्धा रडली नाही. तिने जाऊन फ्रिजवरची चिठ्ठी काढून आणली आणि माझ्या हातात दिली. अक्षर माझं. पडदे धुणे, रोल धुणे. एकाखाली एक. त्यात दुकान नव्हतं, उल्हासनगर नव्हतं, शेठ नव्हते. जन्मभर आपण म्हणत आलो, रोल धुवायला टाकला, फोटो धुवून आले. धुणे म्हणजे धुणे, हा अर्थ मला कधी सुचलाच नाही. आणि तिला दुसरा कुठला सुचावा?

आवाजाने मामंजी जागे झाले. चष्मा लावून गॅलरीत आले. पट्टी हातात घेऊन त्यांनी ती उजेडासमोर धरली आणि वरपासून खालपर्यंत पाहिली. त्या पट्टीत ते स्वतःला आणि बहिणीला शोधत होते. मला फार वाईट वाटलं. कुणावर ओरडावं तर ती मीच होते.

“ऱ्हाऊंदे,” ते म्हणाले. “एकोनीस वर्सा आमी बोल्लो नाय. फोटूत तरी काय बोल्नार व्हतो?” आणि आत जाऊन आडवे झाले. रात्री ते अर्धी भाकरी खाऊन उठले.

बाकीच्या पस्तीस फोटोंचं मला काही नव्हतं. लग्न मोबाइलमध्ये हजार वेळा आहे. पण हा एकच होता, आणि आत्या म्हणाल्या होत्या, पुन्हा विचारायचं नाही.

रविवारी तुषारने नवा रोल भरला आणि आम्ही चौघं गावाला निघालो. वाटेत मी ठरवून टाकलं होतं काय सांगायचं ते. म्हणायचं, दुकानदाराने बिघडवला. सुनेचं हसं नको आणि माझंही नको. बदलापूर सोडल्यावर मी रिक्षातच सगळ्यांना बजावलं, “तिथे मी बोलेन. बाकी कुणी तोंड उघडायचं नाही.”

आत्या अंगणात बसल्या होत्या. चुलीवर चहा चढवलेला. मी सुरुवात केली, “आत्या, तो फोटो आहे ना, त्या दुकानदाराने...”

“आजी, मी धुतला,” श्रद्धा म्हणाली. एका दमात. “रोल मी धुतला. घरी. शाम्पूने. आणि वाळत घातला. सगळे फोटो गेले. आजोबा चार दिवस नीट जेवले नाहीत. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, पण अजून एकदा फोटो काढू द्या.”

मी कपाळाला हात लावला. आत्या तिच्याकडे बघत राहिल्या.

“कशान धुतलास?”

“बेबी शाम्पूने.”

“वालत घातलास?”

“आजोबांच्या लेंग्याशेजारी.”

आत्यांच्या तोंडातून आधी नुसता वाऱ्यासारखा आवाज आला. मग त्यांनी पदर तोंडात कोंबला. मग पदरही पुरेना. त्या अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, शेजारच्या पडवीतून लोक डोकावले, आणि मामंजी, जे चार दिवस हसले नव्हते, तेही खांद्यातून हलू लागले. “लेंग्याशेजारी!” आत्या म्हणत आणि पुन्हा सुरू होत.

शेवटी डोळे पुसत त्यांनी श्रद्धाला जवळ ओढलं. “बरा झाला गो पोरी, धुतलास तो. तिगांचा फोटू व्हता. मदी माजा दादा. तवाधरना मना रातची झोप नाय. एकोनीस वर्सांनी भाऊ गावला, न मी त्याला मदी उबा केला! रोज देवाला सांगतंय, तो फोटू नको येऊंदे, नको येऊंदे.”

मामंजी रोज विचारत होते, आला का, आणि आत्या रोज मागत होत्या, येऊ नको. देवाचीही पंचाईतच झाली असणार.

“मंग आता काडा,” आत्या म्हणाल्या. “पन चौगांचा.”

फणस अजून बांधावर आडवाच पडलेला होता. दोघांनाही तो तोडवेना. त्याच्या खोडावर मामंजी बसले, शेजारी आत्या, शेजारी मी. तुषार कॅमेरा घेऊन समोर. उन्हं उतरली होती, त्यामुळे फ्लॅश लागणारच. सेल जुने, त्यामुळे लाल दिवा पेटायला वेळ घेत होता.

“चवथा कोन?” आत्यांनी विचारलं.

मी मागे पाहिलं. श्रद्धा चुलीकडे निघाली होती. “तुम्ही बसा,” ती म्हणाली, “मी चहाकडे बघते. उतू जाईल.”

माझेच शब्द, माझ्याच चालीत. तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच वाटत होतं की फोटोच्या वेळी आपली जागा तीच. मला एकदम आठवलं, त्या दिवशी ती पदर सारखा करून दारात आली होती. मी तिला बोलावलं असतं तर चौघं झालो असतो. पण मी अशा वेळी मऊ बोलू शकत नाही, मला तेवढंच येत नाही.

“गेला खड्ड्यात चहा!” मी खेकसले. “उतू जाऊ दे. इकडे ये आधी!”

ती धावत आली आणि माझ्या शेजारी बसायला लागली. आत्यांनी तिला हाताला धरून मधे घेतलं, स्वतःच्या आणि माझ्या मधे. लाल दिवा पेटला. फ्लॅश उडाला.

चहा उतू गेला. दूध करपल्याचा वास सगळ्या अंगणात पसरला आणि आम्ही उरलेला अर्धा-अर्धा कप प्यायलो. अंधार पडेपर्यंत तुषारने गुरं-कोंबड्यांचे फोटो काढून बाकीचा रोल संपवला.

सोमवारी मी चिठ्ठी लिहिली ती अशी. ‘श्रद्धा, रोल माझ्या पर्समध्ये आहे. आपण दोघी मिळून उल्हासनगरला शेठच्या दुकानात धुवायला टाकू. मी चारला येते. तयार राहा. जाताना तुझ्या आईलाही भेटू.’ इतकी लांब चिठ्ठी मी ह्यांनासुद्धा मस्कतला कधी लिहिली नव्हती.

आता तो फोटो टीव्हीच्या वर, मामंजींच्या खिळ्यावर आहे. मामंजींचे डोळे मिटलेले, आत्यांचे लाल, माझं तोंड ओरडण्यासाठी उघडं. एकटी श्रद्धा तेवढी चांगली आली आहे. दुसरी प्रत आत्यांकडे आहे, ती त्या डब्यात ठेवतात आणि कुणालाही दाखवत नाहीत, म्हणजे गावातल्या सगळ्यांनी ती पाहिली आहे.

काल श्रद्धा स्टुलावर चढून काच पुसत होती. मागे न बघताच म्हणाली, “आई, यावर धूळ फार बसते हो. धुवून टाकू का?”

मी लाटणं उचललं, पण हसू आवरेना.