वरच्या टप्प्याचा गहू

ओर्ना वकीलबाईंनी टेबलावर ठेवलेले तीन फोटो विमानातून काढलेले होते. वजीहाला आधी काही उमजेना. मग विहीर सापडली, विहिरीवरून बांध, बांधावरून आपलं शेत. तीनही वर्षांच्या फोटोंत तिथे नुसती काटेरी झुडपं.

ओर्नाबाई ज्यू, तेल अवीवच्या; पण इस्रायली लष्करी समितीपुढे वजीहाच्या पॅलेस्टिनी गावाची बाजू त्याच मांडत. कायदा तुर्कांच्या अमदानीतला. सलग तीन वर्षं नांगर फिरला नाही की जमीन सरकारजमा. तुर्क गेले, इंग्रज गेले, कायदा ठाण मांडून बसलाय. आणि सरकारजमा म्हणजे टेकडीवर नवी वस्ती करून बसलेल्यांच्या घशात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

वजीहा पाच वर्षं अम्मानला होती, नवऱ्याच्या डायलिसिससाठी. शेत धाकट्या दिराच्या, जुहैरच्या हवाली. तिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. दर उन्हाळ्यात तो गव्हाचा भाजलेला हुरडा पिशवी भरून पाठवायचा. "वरच्या टप्प्याचा आहे, वहिनी." नवरा त्याचं सूप डोळे मिटून प्यायचा. या हिवाळ्यात तो गेला.

घरी येताच तिने जुहैरला अंगणात गाठलं.

"हुरडा कुठला होता रे?"

जुहैरने चहाचा पेला खाली ठेवला.

"पहिल्या वर्षी आपलाच. मग… नाब्लुसच्या बाजारातला."

"आणि शेत?"

"दुसऱ्या वर्षी गाढव नि नांगर घेऊन गेलो, तर टेकडीवरून चौघं उतरले. पुढे त्यांचा म्होरक्या, तो एल्यादा, गळ्यात बंदूक. म्हणाला, पुन्हा दिसलास तर गाढव एकटंच घरी जाईल. पळालो, वहिनी. दादाला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"मेल्या, घाबरलास ते घाबरलास. कोण नाही घाबरत? पण मरणाऱ्या माणसाला माझ्या हाताने बाजारचा हुरडा भरवलास! 'यंदा पाऊस बरा झालेला दिसतोय' म्हणाला रे तो!"

ती रडली, त्याला वाट्टेल ते बोलली आणि शेवटी डोळे पुसून भानावर आली. ओर्नाबाईंनी सांगितलं होतं, दमदाटीने अडवलं असेल तर ती वर्षं धरत नाहीत. फक्त ज्याला अडवलं त्याने समितीपुढे येऊन सांगायला हवं.

"सांगशील?"

"दादाची शपथ."

दुसऱ्या दिवशी सुनावणीला गणवेशातले तीन अधिकारी होते. समोर एल्यादा, पांढऱ्या सदऱ्यात. तो आवाज न चढवता बोलला. त्याचे आजोबा-आजी पोलंडात मारले गेले, कारण जायला स्वतःचा म्हणून देश नव्हता. ही टेकडी त्याच्या धर्मग्रंथात आहे, पूर्वजांची आहे, तो इथून हलणार नाही. माणूस मनापासून बोलतोय हे वजीहाला कळत होतं. तिचे सासरे, आजेसासरे त्याच टेकडीच्या पायथ्याशी पुरलेले. तिला ते कुणी विचारलं नाही.

मग जुहैरला उभं केलं.

"तीन वर्षं नांगरणी का नाही केली?"

"दगडाळ जमीन, साहेब. जमलं नाही."

ओर्नाबाई ताडकन उठल्या. "नीट आठवून सांगा. कुणी अडवलं होतं?"

"नाही. कुणीच नाही."

एल्यादाने चमकून मान वर केली. असा साक्षीदार मिळेल हे त्याच्याही ध्यानीमनी नव्हतं. क्षणभर जुहैरकडे बघून त्याने नजर खाली वळवली.

बाहेर आवारात जुहैर तिच्या मागे मागे आला.

"वहिनी, ऐक. पलीकडे इस्रायलमध्ये कामाला जायचा माझा परवाना अडकलाय. टेकडीवाल्यांची तक्रार केली की तो गेलाच म्हणून समज. चार पोरं आहेत मला. काय खाऊ घालू?"

"हे काल अंगणात का नाही बोललास?"

त्याने तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"तो एल्यादा निदान तोंडावर म्हणाला, जमीन माझी," वजीहा म्हणाली. "तू माझ्या शेजारच्या खुर्चीवरून उठलास आणि त्याला देऊन आलास."

गावाकडच्या गाडीत जुहैरने खिडकीची जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती. ती मागून येणाऱ्या गाडीने गेली.