गारव्याची पाटी

सत्य कधी दडून राहत नाही, ते डंका पिटत चारचौघांत उभं राहतं, असं मी उभी हयात लिहीत आलो. आमच्या गल्लीतलं सत्य तर चार रंगांत छापून पाटीवर लावलेलं होतं. फक्त ती पाटी कुठे लावली होती, ते विचारू नका. म्हणजे विचारा, पण आधी रांग बघा.

भर दुपारी निम्मी वस्ती उन्हात उभी होती. कशासाठी? गारव्यासाठी! गल्लीतल्या सगळ्या पत्र्याच्या खोल्या तव्यासारख्या तापलेल्या आणि गारबाबाची तेवढी माठासारखी थंड. पंखा नाही, कूलर नाही. हा बाबा कालपरवापर्यंत छत्र्या दुरुस्त करायचा. आता म्हणे थेट सूर्यच दुरुस्तीला घेतलाय.

"ताप तुमचा, तप माझं!" आतून आवाज यायचा. "गोळ्यांनी अंगात आग साठते. गोळी सोडा, गारव्याशी नातं जोडा!"

माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, रक्तदाबाची गोळी सोडली ती या यमकापायी. त्याहून लाजिरवाणं म्हणजे तिची नात हवामान आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या विज्ञानसंवाद कार्यालयात इंटर्न. उन्हाळ्यात लोकांचा जीव वाचावा म्हणून पत्रकं लिहिणं हेच तिचं काम.

"आजी, अतिउष्णतेच्या कालावधीत असुरक्षित गटांनी औषधोपचार खंडित करू नयेत."

"असुरक्षित गट म्हणजे कोण गं?"

"म्हणजे... तू."

"मग तसं सांग की! बाबा बघ, बोललेलं समजतं तरी."

त्या दुपारी ताईला परत आणायला नात आणि मी रांगेत गेलो. "नंबर जाईल माझा," म्हणत ताई हलेना. चेहरा लालबुंद, शब्द अडखळत होते. नातीने तिचा हात धरला आणि त्याच क्षणी ताई खाली कोसळली.

लोकांनी तिला उचलून बाबाच्या खोलीत नेलं. कोणीतरी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावलं. मी मागोमाग आत पाऊल टाकलं आणि काय सांगू, खरंच गार! माझे हात आपोआप जोडले गेले. जन्मभर बुवांची टर उडवलेले हात! मी ते घाईघाईने खिशात कोंबले, पण नातीने बघितलं होतं.

"हलवू नका, इथेच राहू दे. ओली फडकी घाला, वारा घाला," डॉक्टरीणबाई आल्या आल्या म्हणाल्या. "थोडा वेळ आणखी उन्हात राहिल्या असत्या, तर हाती लागल्या नसत्या. गोळी कधीपासून बंद आहे?"

मी बाबाकडे बोट दाखवलं. नात फडकं भिजवत होती. सहज वर बघितलं आणि तिचा हात थांबला. पत्र्याच्या खिळ्यापाशी एक पांढरा ओघळ भिंतीवर उतरला होता. पोरीचा चेहरा त्या ओघळासारखा झाला. फडकं माझ्या हातात देऊन ती बाहेर धावली आणि मागच्या बोळातल्या शिडीने वर चढली.

खाली आली तेव्हा काखेत पाटी होती.

"सौर-परावर्तक लेपनाच्या पथदर्शी उपक्रमांतर्गत—" तिने सुरुवात केली.

"हा कुठला नवा मंत्र?" रांगेतून कोणीतरी ओरडलं.

ती थांबली. कान लाल झाले होते.

"पांढरा रंग ऊन परत फेकतो," ती म्हणाली. "उघडा पत्रा ऊन पितो. हे छप्पर आम्ही रंगवलं. नमुना म्हणून. मी होते तेव्हा वर, पण खाली कोण राहतं ते विचारलंच नाही. आणि ही माहितीची पाटी छपरावरच ठोकली. वरून फोटो छान येतो म्हणून."

"म्हणजे कावळ्यांना कळलं की!"

"पटत नसेल तर वर जाऊन हात लावून बघा."

एक धिप्पाड गवंडी चढला. बाबाच्या पत्र्यावर तळवा टेकून निवांत उभा राहिला. मग शेजारच्या पत्र्यावर टेकवला आणि "आई गं!" करत शिडीवरून जवळजवळ घरंगळलाच. तिथे तपश्चर्या संपली.

"तुम्हाला माहीत होतं?" मी बाबाला विचारलं.

"पत्रक दिलं होतं ना यांच्या माणसाने," बाबा शांतपणे म्हणाला. "मी वाचलं."

अख्ख्या वस्तीत त्या पत्रकाला लाभलेला एकुलता एक वाचक तो हा!

"चूक आमची," नात खाली मान घालून म्हणाली. "आम्ही समजेल असं सांगितलं नाही, यांनी सांगितलं ते खोटं. गारवा रंगाचा आहे. तुमची छपरंही पांढरी करा. दुपारी उन्हात उभं राहू नका. आणि कोणी काहीही म्हणो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. काही कळलं नाही तर मला विचारा. मला राग आला तरी विचारा."

रांग हळूहळू मोडली. जाताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मीही नाही.

आत ताईने डोळे उघडले. नात धावत तिच्याजवळ बसली.

"पोरी," ताई क्षीण आवाजात म्हणाली, "ते तुझं पत्रक आहे का गं जवळ?"

पोरीचे डोळे भरून आले. पिशवीतून तिने कोरं करकरीत पत्रक काढलं. "आहे ना आजी! वाचून दाखवू?"

"नको गं. कागद जाड आहे, जरा वारा घाल."