अमेरिकेचे आबा

आकारामच्या फोटो स्टुडिओतून आजवर कुणी 'जमणार नाही' असं ऐकून परत गेलेलं नव्हतं, आणि तेच त्याच्या अंगाशी आलं. रहिमतपूरचे लालासाहेब येऊन म्हणाले, "आमच्या आज्याची, आबांची पुण्यतिथी हाय. पलटणीत हुते. पन घरात फोटोच न्हाई रं त्यांचा. हार घालायचा कुठं?"

"करतो की!" आकाराम म्हणाला.

केलं काय, तर इंटरनेटवरून अमेरिकेतल्या कुणा जुन्या माणसाचा तपकिरी फोटो उचलला. मांडीवर बंदूक, झुपकेदार मिशा, नजर करारी. हॅट उतरवून फेटा चढवला, की झाले आबा! लालासाहेबांनी बघून डोळे पुसले. गावातले म्हातारे तर 'हुबेहूब' म्हणून मोकळे झाले. त्यातले निम्मे जण आबा गेल्यावर जन्मलेले होते.

पुण्यतिथीच्या सकाळी मात्र लालासाहेबांची लेक संयोगिता पुण्याहून आली, आणि तिनं आकारामला मांडवामागं गाठलं. मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. तीच बंदूक, त्याच मिशा, वर हॅट.

"हा रेल्वे लुटायचा, काका. फाशी दिली याला तिकडं. हार पडायच्या आत तुम्ही बाबांना सांगा, नाहीतर मी सांगते."

 लालासाहेब आधी हाणणारे, मग विचारणारे. ते दबत फक्त आपल्या आत्याला, म्हणजे आबांच्या सख्ख्या लेकीला, मनुबाईला. तेव्हा आकाराम आधी म्हातारीच्या पायाशी जाऊन बसला. संयोगिता पाठोपाठ होतीच.

"आवं आत्या, चूक झाली. फोटोतला ह्यो तुमचा बाप न्हाई."

"ठावं हाय. बापाला वळखत न्हाई व्हय मी?"

"मग बोलला न्हाईसा ते?"

मांडवात लालासाहेब हार घेऊन उभे होते. म्हातारीनं आवाज खाली आणला. "त्याचा एकच फोटो हुता. तो म्या चुलीत घातला. बंदूक कसली धरतुया, पलटणीत भाकरी थापायचा! आन् रजेवर आला की दारू पिऊन माझ्या आयला बडवायचा. त्याच्या तोंडाला हार घालताना माझा हात झडला आस्ता."

 म्हातारी फोटोतल्या फेटेवाल्याकडं बघत राहिली.

"ह्यो बरा हाय. तोंडावरनं लय गरीब दिसतुया. ह्यानं कुनाचं वंगाळ केलं न्हाई न्हवं?"

आकारामनं संयोगिताकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला.

"नाही आजी. फार भला माणूस होता."

"मग लालाला म्हनावं, थांब," म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "पयला हार मी घालनार."