जयवंताच्या नावाचं रक्त

रक्ताची नळी उघडण्याआधी डॉक्टर ललिता वाकोडे तिचे आभार मानत. फार नाही, पुटपुटल्यासारखं एवढंच: "बाई, आभारी आहे." अकोल्याच्या त्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्याला वाटायचं, मॅडमचं डोकं सरकलं. जुन्यांना त्याचं काही वाटत नसे. पन्नाशी उलटलेल्या, उभी हयात काचपट्ट्यांवर वाकून घालवलेल्या बाईला एवढं माफ असतं.

त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. कर्करोगाची गाठ एका जागी गुमान बसत नाही. तिच्यातली एखादी पेशी सुटते, रक्तात उतरते आणि नवं बिऱ्हाड थाटायला जागा शोधत अंगभर हिंडते. अशी भटकी पेशी रक्तात पकडायची. एका नळीत रक्ताच्या पेशी अब्जावधी, त्यात ही एखाद-दुसरी, आणि पुष्कळदा तीही नाही. ललिताबाईंचे वडील धर्मपाल अमरावतीला पोस्टात होते. ते म्हणायचे, "पोरी, पोत्यातला एक दाना हुडकून राहिली तू, अन् तो पोत्यात हाये का नाई हे बी तुले माईत नाई!" आणि लेकीची पाठ वळली की हेच काम साऱ्या मोहल्ल्याला फुशारकीनं सांगत सुटायचे.

पहिली कित्येक वर्षं पुण्यात गेली. कधी पेशी ओळखायचा रंग लागायचा नाही, कधी गाळणी तुंबायची, कधी सापडलेली पेशी भलतीच निघायची. बरोबरचे लोक दुसऱ्या विषयांकडे वळले, नावारूपाला आले. ललिताबाई चिकटून राहिल्या, आणि पुढं वऱ्हाडात परत आल्या त्या हेच काम घेऊन. चिकटून राहता आलं ते रक्त देणाऱ्या बायांमुळे, असं त्या मनापासून मानत. या अभ्यासाचा तुम्हाला स्वतःला काही फायदा होणार नाही, असं त्या प्रत्येकीला आधी स्पष्ट सांगत. ऐकून बाया म्हणत, "मले नाई तं दुसरीले होईन." आणि बाही वर करत. त्यातल्या पुष्कळ जणी आता नाहीत. नळीचे आभार त्यासाठी होते.

आता जयवंताविषयी. जयवंता निमकर्डे अकोटजवळच्या एका खेड्यातली, फुलं आणि भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली सून. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन अमरावतीला झालं, मग वर्षभर रखडत केमो चालली, आणि तेव्हापासूनच दर तीन महिन्यांनी अकोटच्या दवाखान्यात रक्त द्यायला तिनं होकार दिला. पहिल्या दोन नळ्यांत भटक्या पेशी होत्या. त्यानंतरच्या चार नळ्या स्वच्छ, धुतल्या तांदळासारख्या. ललिताबाईंनी तिचा आलेख पुण्याच्या परिषदेत पडद्यावर दाखवला. नाव अर्थातच सांगितलं नाही, पण दाखवताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की जणू लेकीचं लग्न ठरलं.

आणि यंदा वैशाखात आलेल्या नळीत पेशी सापडल्या. एक नव्हे, तीन, एकमेकींना बिलगलेल्या.

ललिताबाईंनी अमरावतीच्या डॉक्टरांना कळवलं. त्यांनी जयवंताचं पुन्हा स्कॅन केलं. त्यात काही नव्हतं. डॉक्टर पेचात पडले. "तुमच्या पेशींवर भरवसा ठेवून हिला पुन्हा केमो द्यायची का? बाईच्या अंगात तेवढी ताकद नाही," ते फोनवर म्हणाले. ललिताबाईंचा जीव थाऱ्यावर राहीना. पेशी खोट्या ठरल्या तर तीस वर्षांच्या कामाचं हसं होणार होतं. त्याचं एक वेळ चाललं असतं. पण पेशी खऱ्या असतील आणि आपण गप्प बसलो, तर एक बाई हातची जाणार, हे त्यांना झोपू देईना.

त्या पुन्हा काचपट्टी घेऊन बसल्या. तेव्हा लक्षात आलं, की या पेशींना लागलेला रंगच वेगळा आहे. जयवंताच्या गाठीतल्या पेशींना तो रंग कधी लागलाच नव्हता. आंब्याच्या झाडाला पेरू लागावा तसा प्रकार. मग त्यांनी उरलेल्या रक्ताचा गट तपासला. फाइलमध्ये जयवंताचा गट होता बी. नळीतल्या रक्ताचा निघाला ओ.

"मनोज!"

मनोज म्हणजे अकोटला जाऊन रक्त घेणारा तंत्रज्ञ. सव्वा वर्षापूर्वी लागलेला, कामाला चोख आणि त्यामुळेच बोलणं न सोसणारा. नळ्यांची अदलाबदल केलीस, असं ऐकताच तो तडकला.

"मॅडम, बाई माह्यासमोर बसली होती. मी नाव घेतलं, ते उठून आली, मी सुई टोचली, मीच चिठ्ठी लावली. यात बदली कुठून होईन?"

त्या दिवसाच्या साऱ्या नळ्या तपासल्या. बाकी प्रत्येकीचा गट तिच्या फाइलशी जुळला. स्वच्छ आलेल्या चार नळ्यांची राखून ठेवलेली रक्तं काढली, तर तीही ओ. चारही मनोजनंच घेतलेली, पहिल्या दोन तेवढ्या त्याच्या आधीच्या माणसानं. आता मात्र त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं जीप काढून निघाले. वाटेत अकोटला चहा घेतला, पण तोही दोघांना धड गेला नाही.

निमकर्ड्यांच्या घरापुढं मांडवाखाली दोघी जावा मोगऱ्याचे गजरे ओवत होत्या. जयवंता काटकुळी, डोक्यावर नुकते बोटभर केस आलेले. थोरली जाऊ इंदूबाई अंगानं भरलेली, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. तिनं पाहुण्यांना खाट टाकली, पाणी दिलं आणि मुकाट्यानं परत ओवायला बसली.

"जयवंताबाई, बोटातलं थेंबभर रक्त पाहिजे," ललिताबाई म्हणाल्या. "फक्त गट पाहायचा आहे."

जयवंतानं बोट पुढं केलं नाही. तिनं थोरलीकडं पाहिलं. इंदूबाईनं सुई खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि स्वतःचं बोट पुढं केलं.

"घ्या."

"तुमचं नाही, यांचं पाहिजे."

"येकच हाये ते. आतालोक मीच देत आली ना."

मघापासून इंदूबाईकडं टक लावून पाहणारा मनोज खाटेवरून ताडकन उठला. "मॅडम, ह्याच! ह्याच बाई येतेत दर वक्ती!"

"मंग? मी कुठी नाई म्हनून राहिली?" इंदूबाईला यात लपवण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. "हिचं ऑपरेशन झालं तवा अमरावतीच्या रक्तपेढीत रगत कोनं देल्लं? म्या देल्लं. चिठ्ठीवर नाव हिचं अन् रगत माह्यं. तिथं कोनी काई बोललं नाई, उलट बिस्कुटं देल्ले. आता तुमी बी रक्तच मांगता. हिच्यात उरलं हाये का द्यायले? दुसऱ्या वक्ताले देल्लं अन् पोरगी चक्कर येऊन पडली तिथंच. मंग म्या म्हनलं, तू बस बाकावर, मी जाऊन येतो."

ललिताबाईंना हसू फुटलं. पाचदा त्यांनी नळीपुढं जयवंताचे आभार मानले होते, आणि नळीत होती ही! परिषदेत मिरवलेला तो आलेख, त्या टाळ्या, सगळं एका धडधाकट बाईच्या रक्ताचं. मनोजनं इंदूबाईला बोलायला तोंड उघडलं, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. चूक त्याची होती, त्यांची होती, संमतीचा कागद वाचून दाखवणाऱ्या साऱ्यांची होती. कर्करोगाच्या बाईचं रक्त तिचंच का लागतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. या घरानं आपल्या परीनं माया केली होती.

आणि हसता हसताच त्या थांबल्या. नळी इंदूबाईची होती. म्हणजे त्या तीन पेशीही इंदूबाईच्या होत्या.

त्यांनी खाट सोडली आणि इंदूबाईसमोर खाली बसल्या. जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं, की मागच्या वेळच्या रक्तात आजाराच्या पेशी दिसल्या, आणि त्या जयवंताच्या नाहीत, तुमच्या आहेत.

"मले? मले काय धाड भरली?" इंदूबाई म्हणाली, पण नको तेवढ्या मोठ्यानं.

जयवंतानं हातातला गजरा बाजूला टाकला. थोरल्या जावेपुढं कधी मान वर न केलेल्या त्या बाईनं उठून तिचं मनगट धरलं.

"ताई, आत चाल."

"काहून?"

"चाल म्हनतो ना!"

दार लागलं. बाहेर मनोज पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. ललिताबाईंना आतलं काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायला येऊ नये असंच वाटत होतं. दार उघडलं तेव्हा जयवंता रडत होती आणि संतापलेलीही होती.

"हाये मॅडम. गाठ हाये. सुपारीएवढी." मग मागं वळून जावेला म्हणाली, "सांग आता यायले, कईपासून हाये ते!"

"दिवाईपासून," इंदूबाई म्हणाली. तिचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"अन् सांगतलं काहून नाई?"

"घरात येका वक्ताले येक बिमार बस झाला ना, जयवंता. तुह्यी केमो चालू होती. मालकाची धावपळ चालू होती. म्या म्हनलं, तू धड उभी राह्यली की मंग सांगू."

जयवंतानं तिला मिठी मारली. ललिताबाईंनी कितीतरी बायांना बातम्या दिल्या होत्या आणि डोळे कोरडे ठेवले होते. त्या दिवशी त्यांना ते जमलं नाही. ही बाई तोंड उघडणार नव्हती. पावसाळा गेला असता, दुसरी दिवाळी गेली असती. तिनं जावेपायी बाही वर केली म्हणून तेवढं कळलं.

पुढची कामं भराभर झाली. निघताना जयवंताचं, खरोखर जयवंताचं, रक्त घेतलं. ते स्वच्छ निघालं, तेव्हा तिची नवी केमो टळली. इंदूबाईची तपासणी अमरावतीला झाली आणि गाठ कर्करोगाचीच निघाली. ललिताबाईंनी अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला सगळं जसंच्या तसं कळवलं. दोघींनाही अभ्यासातून वगळण्यात आलं. पुण्यात दाखवलेला आलेख मागं घ्यावा लागला. आपला सगळ्यात लाडका निकाल त्यांनी स्वतःच्या हातानं खोडला आणि वर मनोजला चहा पाजला.

राहिली होती एकच गोष्ट, आणि साऱ्यांचा जीव तिच्यात अडकला होता: आजार पसरला का? पेशी तर रक्तात उतरलेल्याच होत्या. त्यांनी कुठं घर केलं असेल तर एवढी धावपळ करूनही उशीरच झाला होता. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी तपासायला गेल्या. ललिताबाई अकोल्याला बसून काम करायचा प्रयत्न करत आणि एकच काचपट्टी पुन्हा पुन्हा पाहत. अहवाल यायच्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं अमरावती गाठली.

वॉर्डाबाहेर इंदूबाईचे मालक उत्तमराव टोपी हातात घेऊन उभे होते. शल्यचिकित्सक अहवाल वाचत आले, थांबले आणि ललिताबाईंकडं पाहून मान हलवली. काख स्वच्छ. बाकी कुठंही काही नाही. औषधं घ्यावी लागतील, तपासण्या करत राहाव्या लागतील, पण वेळेत सापडलं. उत्तमराव बाकावर बसले आणि कुणाला न जुमानता रडले.

आत इंदूबाई उशीला टेकून बसली होती. जयवंता तिला मोसंबीच्या फोडी भरवत होती, आणि ती मोसंबी कशी बेचव आहे ते इंदूबाई सगळ्या वॉर्डाला सांगत होती. ललिताबाईंनी बातमी सांगितली: पेशी घरातून निघाल्या होत्या, पण कुठं बिऱ्हाड केलेलं नाही. जयवंतानं तोंडाला पदर लावला. इंदूबाईनं मोसंबी बाजूला सारली. मग तिनं ललिताबाईंना पलंगावर बसवलं, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं,

"मॅडम, हे काम तुमी कितीक वर्सांपासून करून राहिल्या?"

"तीस वर्षं झाली."

"अन् त्याच्यानं किती जनं वाचले असतीन?"

पैसे देणाऱ्या संस्थांनी हेच विचारलं की ललिताबाई पाऊण तास बोलत: ज्ञानात भर, पुढच्या पिढ्या, आशादायक निष्कर्ष. आता त्यातलं एकही वाक्य ओठांवर येईना. पुण्यातल्या, नागपुरातल्या, सेमाडोहपासून चांदूर बाजारापर्यंतच्या बाया डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या. कोणता रंग लागतो आणि कोणता नाही, गाळणी केवढी हवी, हे सगळं त्यांच्याच रक्तावर शिकत शिकत कळलं होतं. ते कळलं नसतं तर या तीन पेशी दिसल्याच नसत्या. त्या बायांपैकी कुणालाही या कामानं वाचवलं नव्हतं, आणि त्यातल्या एकीनंही बाही खाली ओढली नव्हती.

"एक," ललिताबाई म्हणाल्या.

"येक? कोन?"

"तुम्ही."

इंदूबाईनं ते नीट ऐकून घेतलं. जयवंताकडं पाहिलं, पुन्हा मॅडमकडं पाहिलं.

"बाप्पा! तीस वर्सांत येकच?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यासारखा गल्लीच्या टोकाला जाण्याएवढा झाला. "मंग इथं काय बसून राहिल्या? जा ना कामाले!"

वॉर्डातल्या बाया हसल्या. ललिताबाईही हसल्या आणि त्यांचे डोळे वाहू लागले. त्या उठायला लागल्या, पण उठता येईना. जा, जा म्हणत होती खरी इंदूबाई, पण हात काही सोडत नव्हती.